सिराजचाचांचा बर्जील

दुबईतलं अत्तराचं दुकान भाच्याच्या हवाली करून सिराजुद्दीन मुकादम कायमचे मोहराळ्याला परतले, तेव्हा पर्यटकांसाठी बांधायच्या दोन खोल्या त्यांच्या डोक्यात तयारच होत्या. पुढून निळी काच, बाजूंना चकचकीत पत्रा, आत एसी. जागाही ठरलेली. चक्रीवादळानं त्यांच्या वाडीतल्या समुद्राकडची सुपारीची झाडं आडवी केली होती, तिथे आता मोकळं पटांगण होतं. दिवेआगरला खोली मिळाली नाही की माणसं गाडी वळवून मोहराळ्यापर्यंत येतात, हे त्यांनी सुट्टीवर यायचे तेव्हाच हेरून ठेवलं होतं.

अडचण एकच होती. त्यांची पुतणी मिस्बाह.

मिस्बाह नवी मुंबईत आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला होती आणि प्रबंधासाठी तिनं आपलंच गाव घेतलं होतं. पाणी कुठून यावं आणि वापरून झाल्यावर कुठे जावं, सावली कुठे पडावी, वारा कुठून शिरावा, गावाची गरज गावातल्या दगडामातीत कशी भागावी, असं सगळं तिनं मोठमोठ्या कागदांवर रंगवलं होतं. तिच्या तेजस्वी मॅडमनी कागद पाहिले, कौतुक केलं आणि म्हणाल्या, "कागदावर गाव सगळेच वसवतात. एक तरी भिंत उभी करून दाखव."

भिंत बांधायला जागा लागते, आणि बांधणारा लागतो. मिस्बाहच्या नात्यात सध्या भिंती बांधायला निघालेले एकच गृहस्थ होते.

आधी तिनं सरळ मार्गानं जाऊन पाहिलं.

"चाचा, निळ्या काचेच्या आत दुपारी माणूस शिजेल."

"एसी आहे ना."

"आणि वीज गेली की?"

"जनरेटर."

"त्यापेक्षा चिऱ्याच्या जाड भिंती घालू. आतून माती-चुन्याचा गिलावा. एसी लागणारच नाही."

सिराजचाचांनी कपातला चहा बशीत ओतता ओतता हात थांबवला. "माती? लोक काय म्हणतील? सिराज इतकी वर्षं दुबईत राहिला आणि येताना माती घेऊन आला?"

मग मिस्बाहनं सरळ मार्ग सोडला. दुसऱ्या दिवशी ती मोबाइलवर एक फोटो घेऊन आली. जुन्या दुबईतलं मातकट रंगाचं घर आणि त्याच्या डोक्यावर चारी बाजूंनी उभ्या फटी असलेला चौकोनी मनोरा.

"हे काय आहे, ओळखलंत?"

चाचांनी चष्मा वर केला आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला. "बर्जील! वारा पकडायचा मनोरा. आमच्या दुकानाच्या मागच्या गल्लीत होता. त्याच्याखाली उभं राहिलं की असा गार झोत यायचा, वा! फिरोजा, इकडे ये, बघ."

फिरोजाचाची पीठ लागलेल्या हातानं आल्या, फोटो पाहिला आणि "कबुतरं शिरतील," एवढंच म्हणून परत गेल्या.

"आख्ख्या रायगड किनाऱ्यावर असला कोणाकडेच नसेल," मिस्बाह सहज म्हणाली.

चाचा गप्प झाले. ते गप्प झाले म्हणजे गाडी रुळावर आली, हे तिला लहानपणापासून माहीत होतं.

"भिंती कसल्या लागतात त्याला?"

"जाड. माती-चुन्याच्या गिलाव्याच्या. बर्जीलला काच चालत नाही, चाचा. शेख लोकसुद्धा लावत नाहीत."

शेख लोक काय लावतात याची मिस्बाहला काडीचीही कल्पना नव्हती. पण तिचा चेहरा नमाजाला उभ्या राहिलेल्या माणसासारखा गंभीर होता.

काम झपाट्यानं सुरू झालं. चिरा जवळच्या खाणीतून आला. छप्पर कौलारू, पण वादळाला उचलता येणार नाही असं खाली ओढून बांधलेलं. मोरीचं पाणी कर्दळीच्या वाफ्यातून गाळून केळींना जाणार होतं. आणि गावात जो भेटेल त्याला चाचा सांगत सुटले की हे सगळं दुबई टाइप आहे.

"कर्दळसुद्धा?" सरपंच सुजितनं विचारलं.

"कर्दळ तर खास," चाचा म्हणाले.

मनोऱ्याचं तोंड मिस्बाहनं पश्चिमेला ठेवलं, समुद्राकडे. दुपारी खारा वारा सुटला की तो मनोऱ्यात शिरून दोन्ही खोल्यांत उतरायचा. पावसाळ्यात हे तोंड बंद करावं लागणार म्हणून तिनं चौकटीला खाचा ठेवल्या होत्या. त्या खाचांत बसवायच्या लाकडी झडपा म्हसळ्याच्या रघू सुताराकडे करायला टाकल्या होत्या आणि रघू त्या नेहमीसारखा "परवा" देणार होता.

इथवर सगळं ठीक चाललं होतं. बिघडलं ते पार्किंगमुळे.

दिवाळीनंतरच्या ग्रामसभेत मिस्बाहनं आपले कागद लावून दाखवले होते. त्यात मासळी सुकवायचा एक ओटा होता, गावाच्या दक्षिण टोकाला, जिथून वारा वस्तीकडे न येता खाडीवरून निघून जातो. वर छप्पर, शेजारी नळ, कुत्री येऊ नयेत म्हणून कुंपण. सुजित सरपंच म्हणाला, "झकास चित्र आहे. कॅलेंडर छापायला पाहिजे." कागद कपाटात गेले. त्याच बैठकीत गावाच्या उत्तरेला, कोळणी पिढ्यान् पिढ्या बोंबील सुकवायच्या त्या वाळूवर, पर्यटकांच्या गाड्यांसाठी पार्किंग करायचं ठरलं. हा विषय मांडला होता सिराजुद्दीन मुकादम यांनी. मतदानाला त्यांनी दोन्ही हात वर केले होते.

पार्किंगवर मुरूम पडला आणि कोळणींना जागा उरली नाही. त्यांची पुढारी आवडाबाई. आवाज असा की खाडीपलीकडची बोट वळावी. तिनं किनाऱ्यावर इकडून तिकडे एक चक्कर मारली, मोकळी वाळू कुठे आहे ते पाहिलं, आणि आठवड्याभरात बोंबील टांगायच्या बांबूच्या वलांड्या चाचांच्या वाडीच्या बरोबर समोर उभ्या राहिल्या. खाली जाळ्यांवर जवळा पसरला.

त्याच आठवड्यात पहिले पाहुणे आले. पुण्याचं कुटुंब, पक्कं शाकाहारी. चाचांनी त्यांना मनोऱ्याच्या खाली आणून उभं केलं.

"आता बघा हं. एसी नाही, पंखा नाही. फक्त कुदरत."

दुपारचा वारा सुटायचीच वेळ होती. पाहुण्यांनी डोळे मिटून तोंड वर केलं. आणि मोहराळ्याच्या अख्ख्या किनाऱ्यावरचा बोंबील, मांदेली आणि जवळा, उन्हात चांगला मुरलेला, मनोऱ्यातून सरळ त्यांच्या नाकात उतरला.

बाई तोंडावर पदर धरून बाहेर पळाल्या. नवऱ्यानं सभ्यपणे विचारलं, "हे रोजच असतं का?"

"नाही नाही," चाचा म्हणाले, "आज जरा वारा जास्त आहे."

पाहुणे संध्याकाळच्या आत पालीला देवदर्शनाला म्हणून गेले आणि सामान घ्यायलाही त्यांनी ड्रायव्हरला पाठवलं.

चाचांची अवस्था वाईट झाली. उभं आयुष्य त्यांनी ऊद, गुलाब आणि केवडा यांच्यात काढलं होतं. कुपीचं बूच उघडायच्या आधी आतलं अत्तर कुठलं ते सांगणारं नाक ते. त्या नाकात आता दुपारपासून मगरीबच्या नमाजापर्यंत जवळा. फिरोजाचाचींनी खोल्यांत लोबानाचा धूर फिरवला, तेव्हा लोबान घातलेल्या जवळ्याचा वास येऊ लागला, आणि तो आणखी वाईट होता.

मिस्बाह सुट्टी काढून गावी धावली. वाटेत म्हसळ्याला उतरून तिनं रघूच्या समोर ठाण मांडलं आणि उरलेलं रंधकाम त्याच्याकडून डोळ्यांदेखत करवून झडपा ताब्यात घेतल्या. काम सोपं होतं. पश्चिमेचं तोंड बंद करायचं, वास संपला.

रिक्षातून फळ्या उतरवताना वाळूवरून हाक आली.

"काय गो मिस्बा, फल्या कसल्या आनल्यास?"

आवडाबाई बोंबील उलटे करत होती. मिस्बाहनं सांगितलं. मनोऱ्याची झडप, खाच, वारा, सगळं. आवडाबाईनं नीट ऐकून घेतलं.

"म्हंजे ही फली लावली का वास बंद?"

"बंद."

"मंग आमाला कोन इचारनार?"

मिस्बाहनं हातातली फळी रिक्षाला टेकवून ठेवली.

"आमची जागा काढून घेतली तवा कोनी इचारलं न्हाय," आवडाबाई म्हणाली. "तुजं चित्र कपाटात ठेवलं, तवा पन तुला कोनी इचारलं न्हाय. आता वास जातो त्यांच्या घरात तर समदे इचारतात, आवडाबाई कशी हायस. काल सरपंच आला व्हता. पयल्यांदा. बसून बोलला." तिनं एक बोंबील उलटा करून दोरीवर टाकला. "तू लाव फली. मी काय न्हाय म्हनत न्हाय. तुजा चाचा हाय."

मिस्बाह फळ्या घेऊन शेजारच्या आपल्या घरी गेली. थोडा वेळ ओटीवर बसली. मग पोटमाळ्यावर चढून तिनं त्या जुन्या चटईखाली सारून ठेवल्या आणि खाली येऊन हात धुतले.

"झालं का रघूचं?" चाचांनी विचारलं.

"परवा देतो म्हणालाय."

रघूबद्दल असं काही सांगितलं की कुणालाही पटत असे.

त्यानंतर चाचांनी गाव पालथं घातलं. आधी ते आवडाबाईकडे गेले. वलांड्या जरा हलवता आल्या तर बघ, असं गोड बोलले.

"हलवते की," आवडाबाई म्हणाली. "कुटं नेऊ? पार्किंगात?"

चाचा परत आले. सरपंचाकडे गेले. सुजित म्हणाला, पार्किंगची जागा गावठाणात येते, वाडीसमोरची वाळू पंचायतीच्या अखत्यारीत नाही, मी कुणाला उठवू शकत नाही. चाचांनी त्याला चहाला बोलावलं. दुपारच्या चहाला, मनोऱ्याखालच्या खोलीत. खारी बिस्किटं ठेवली. सुजितनं एक बिस्किट उचललं, तोंडाशी नेलं, परत बशीत ठेवलं.

"बाहेर बसू या का?"

"का? आत गार आहे," चाचा म्हणाले.

"गार आहे," सुजित म्हणाला आणि श्वास न घेता चहा संपवला. जाताना दारात थांबून त्यानं विचारलं, "ते मिस्बाहचं चित्र होतं ना, ओट्याचं? कुठल्या कपाटात आहे बघायला पाहिजे."

मिस्बाह कॉलेजात होती तरी हे सगळं तिला फोनवर कळत होतं. चाचा रोज फोन करायचे. "बेटा, तू शिकलेली आहेस, काहीतरी इलाज असेल ना?" आणि ती म्हणायची, "वारा आहे चाचा. वाऱ्याला काय सांगणार?" फोन ठेवल्यावर तिला हसू यायचं. पण पुढे पुढे ते कमी यायला लागलं. चाचांचा आवाज बसल्यासारखा वाटायचा. फिरोजाचाचींनी सगळे पडदे पुन्हा धुतले असं अम्मीनं सांगितलं, आणि त्या रात्री मिस्बाहला जेवण गेलं नाही. चित्रातलं गाव खरं व्हावं म्हणून खऱ्या गावातल्या दोन म्हाताऱ्या माणसांना छळायचं, हे कुठल्या तत्त्वात बसतं, असं तिनं स्वतःला विचारलं. उत्तर काही बरं आलं नाही.

रविवारी ती एसटीनं गावी आली. कुणाला न सांगता पोटमाळ्यावर चढली. आज झडपा लावायच्या, ओटा होवो न होवो. तिनं चटई उचलली.

खाली काहीच नव्हतं.

तिनं सगळा माळा धुंडाळला. नारळाचे झाप, जुना पाळणा, अब्बांची कतारची बॅग. फळ्या नाहीत. अम्मीला विचारावं तर "कसल्या फळ्या?" हा प्रश्न येणार. आवडाबाईनं नेल्या असतील? ती पोटमाळ्यावर कशी चढेल? आणि चाचांना विचारायची तर सोयच नव्हती. मिस्बाह खाली आली, चाचांकडे जाऊन चाचीच्या हातची मच्छीकढी जेवली, सगळ्यांशी हसून बोलली आणि परत गेली.

पुढच्या ग्रामसभेत ओट्याचा विषय निघाला. चाचा उठले. त्यांनी असं भाषण केलं की कोळीवाड्यातल्या बाया टाळ्या वाजवायचं विसरून ऐकत बसल्या. मासळी सुकवणारी बाई हा गावाचा कणा आहे, तिला उन्हात सावली पाहिजे, हाताशी पाणी पाहिजे, असं ते म्हणाले. "आणि डिझाइन माझ्या पुतणीचं आहे. फुकट आहे. ते कपाटात सडवायला आपण काय वेडे आहोत?" कुणीतरी मागून विचारलं, हे पण दुबई टाइप का? चाचा म्हणाले, "नाही. हे मोहराळं टाइप." ठराव एकमतानं झाला. पार्किंगच्या कुंपणातून उरलेला चिरा ओट्याला वापरायचा, हेही तिथेच ठरलं.

मे महिन्यात परीक्षक आले. तेजस्वी मॅडमबरोबर बाहेरचे एक वयस्कर परीक्षक होते, कमी बोलणारे. ओटा झाला होता, नळ आला होता, छप्पर अजून व्हायचं होतं. आवडाबाईच्या वलांड्या तिथे रांगेत उभ्या होत्या आणि वास खाडीवरून निघून चालला होता. परीक्षकांनी कर्दळीचा वाफा पाहिला, भिंतीवरून हात फिरवला, मनोऱ्याखाली उभे राहिले. गार वारा आला. नुसता वारा. चाचा शेजारी इस्त्रीच्या कुर्त्यात उभे.

मग परीक्षक शिडीवरून वर गेले आणि वरूनच विचारलं, "या चौकटीत खाचा आहेत. झडपांसाठी ना?"

"हो सर," मिस्बाह म्हणाली.

"मग झडपा कुठे आहेत? मॅडम सांगत होत्या, इथे वासाचा मोठा त्रास झाला. झडप लावली असती तर तो एका दिवसात मिटला असता."

चाचा शेजारीच होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. तिनं त्यांच्याकडे पाहायचं टाळलं आणि तोंड उघडलं, पण तिच्या आधी चाचाच बोलले.

"झडपा मीच लावू दिल्या नाहीत, सर. घरमालक मी आहे. मला बंद मनोरा आवडत नाही. पाऊस यायच्या आत लावू."

परीक्षक खाली आले, चाचांकडे बघून मान हलवली आणि वहीत काहीतरी लिहिलं. "मालक हट्टी असला की आर्किटेक्टचं कठीण असतं," ते मिस्बाहला म्हणाले.

"फार कठीण," चाचा म्हणाले.

गाडी परीक्षकांना घेऊन दिवेआगरच्या रस्त्याला लागली, आणि मग चाचा मिस्बाहला घेऊन वाडीच्या टोकाला गेले. तिथे नारळाच्या सोडणांच्या ढिगामागून त्यांनी झडपा काढल्या. ताडपत्रीत नीट गुंडाळलेल्या.

"तुमच्याकडे होत्या?"

"तुमच्या माळ्यावर मांजर ओरडत होतं, म्हणून तुझ्या अम्मीनं मला चढवलं. मांजर नव्हतं. हे होतं."

"मग तुम्ही लावल्या का नाहीत? मला का नाही बोललात? मी रोज..."

चाचांनी ताडपत्रीची गाठ उगाच घट्ट केली. "पार्किंग मी मागितलं होतं. दोन्ही हात वर केले होते. नंतर रोज त्या बायकांना माझ्या दारासमोर भर उन्हात बसलेलं बघायचो. पण आवडाबाईसमोर जाऊन माझं चुकलं म्हणायचं, तर जीभ रेटेना. आणि गावात म्हणालो असतो, सिराजला दया आली, तर सुजितनं पुन्हा कॅलेंडर छापलं असतं. सिराजला वास येतोय म्हटल्यावर मात्र सगळे कामाला लागले." ते हसले. "तुझ्या फळ्या तू लपवल्यास. मी फक्त जास्त चांगल्या लपवल्या. तू घाबरून लावशील याची मला भीती होती."

"मी लावायलाच आले होते त्या रविवारी."

"माहीत आहे. जेवताना तुझं तोंड बघितलं मी. मच्छीकढीत मीठ जास्त होतं आणि तू तारीफ करत होतीस."

मिस्बाह हसायला लागली. मग चाचाही. दोघं सोडणांच्या ढिगावर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली, आणि म्हणून त्यांना मागे कुणी येऊन उभं राहिल्याचं कळलं नाही.

"मीठ जास्त होतं?" फिरोजाचाची म्हणाल्या.

दोघं उठून उभी राहिली.

चाचींच्या हातात सुकलेल्या कपड्यांची बादली होती. त्यांनी ताडपत्रीकडे पाहिलं. नवऱ्याकडे पाहिलं. पुतणीकडे पाहिलं.

"म्हणजे तुलाही माहीत होतं," त्या मिस्बाहला म्हणाल्या. "आणि तुम्हालाही माहीत होतं. आणि मी या घरात लोबान फिरवत होते. डोकं बांधून झोपत होते. डॉक्टरला विचारत होते, माझ्या नाकाला काय झालंय."

"फिरोजा, ऐक तर..."

"चांगलं काम झालं. आवडाबाईला जागा मिळाली, मला आनंद आहे." त्यांनी बादली चाचांच्या हातात दिली. "मी म्हसळ्याला आफियाकडे चालले. बहिणीला भेटून खूप दिवस झाले. आठवडाभर राहीन."

"आठवडाभर? पण उद्या पाहुणे येणार आहेत! दोन्ही खोल्या भरल्यात!"

"हो ना," चाची म्हणाल्या. "घावणे आणि सुकटीचं कालवण सांगितलंय त्यांनी. मी हो म्हटलंय."

अर्ध्या तासात त्या रिक्षात बसल्या. फाटकापाशी रिक्षा थांबवून त्यांनी डोकं बाहेर काढलं, तेव्हा दोघांना वाटलं, आल्या परत. पण त्यांनी फक्त एवढंच सांगितलं की तांदूळ आजच भिजत घालायचा असतो.

रिक्षा वळणापलीकडे गेली. चाचांनी बादली दुसऱ्या हातात घेतली.

"बेटा, तुला घावणे येतात?"

"मला घरं बांधता येतात, चाचा."

"पाच वर्षं शिकलीस आणि घावणे नाही येत?"

"त्या कॉलेजात नव्हते."

समोरून आवडाबाई रिकामी टोपली काखेत घेऊन घरी चालली होती. चाचांनी तिला पाहिलं, एकदा घसा खाकरला, बादली खाली ठेवली आणि जिच्यासमोर इतके महिने जीभ रेटत नव्हती, तिच्या दिशेनं भराभर चालायला लागले.

"आवडाबाई," त्यांनी हाक मारली, "थांब जरा. दोन गोष्टी बोलायच्या आहेत. एक आधीच बोलायला हवी होती. आणि दुसरी, तांदूळ किती वेळ भिजवायचा?"